वडी कुठे चाललीय, ते आधी विचारा

दोन वर्षांपूर्वी उटण्याच्या साबणासाठी आम्ही हळदीत रंगवलेला हातकागद वापरला. दिसायला इतका सुरेख, की दोनशे वड्या एका बैठकीत गुंडाळून झाल्या. चार दिवसांनी बघते तर वडी जिथे जिथे टेकली होती, तिथे तिथे कागदावर विटकरी-लाल डाग. सासूबाईंनी एक वडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं. साबणातही क्षारच ना?" अगदी खरं. तेलात कॉस्टिक घालून केलेल्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या आसपास असतो. त्यात आमच्या चिपळूणची दमट हवा. हळदीने लाल व्हायचं तर आणखी काय हवं? दोनशे कागद गेले, आणि वेष्टण निवडताना रंग-नक्षीच्या आधी साबणाचा स्वभाव बघायचा, हे कायमचं लक्षात राहिलं.

हा स्वभाव दोन तऱ्हेचा. तयार बेस वितळवून केलेला ग्लिसरीनचा साबण हवेतलं पाणी ओढून घेतो. जुलैत तो उघडा ठेवला तर तासाभरात त्यावर घामासारखे थेंब येतात. त्याला साच्यातून काढल्या दिवशीच क्लिंग फिल्म किंवा श्रिंक रॅप लागतं, तिथे कागदाचा हट्ट उपयोगाचा नाही. कॉस्टिकवर केलेली वडी याच्या उलट. ती चार ते सहा आठवडे मांडणीवर सुकते, पाणी सोडते, हलकी होते आणि आकसते. तिला प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, तिला कागदच बरा. आम्ही एकदा घाईने दुसऱ्याच आठवड्यात कागदाच्या पट्ट्या चढवल्या होत्या. विकायला काढेपर्यंत प्रत्येक पट्टी सैल होऊन घसरत होती आणि छापलेलं वजनही चुकलं होतं. आता दिवाळीच्या वड्या गणपतीच्या आधी ओततो आणि पूर्ण सुकल्यावर, वजन करूनच गुंडाळतो.

यानंतरचा प्रश्न म्हणजे ही वडी विकली कुठे जाणार. नवीन उद्योग करणाऱ्या बायका पहिल्यांदा छापखान्यात जातात, एक छान खोकं ठरवतात आणि तेच सगळीकडे वापरतात. पैसे वाया जातात ते इथे.

प्रदर्शनाचंच घ्या. मुंबईचं महालक्ष्मी सरस असो, पुण्याची भीमथडी जत्रा असो, की गावातल्या शाळेच्या पटांगणातला बचत गटांचा स्टॉल, गिऱ्हाईक आधी वडी उचलतं आणि नाकाशी नेतं. बंद खोक्याला वास नसतो. इथे कागदाची साधी पट्टी पुरते. आमची वडी ८ सेंटिमीटर लांब, साडेपाच रुंद, अडीच जाड. रुंदी आणि जाडीभोवतीचा वेढा १६ सेंटिमीटर, त्यात चिकटवायला दीड. ए-फोर कागद आडवा धरून चार-चार सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या तर एका कागदात सात बसतात, प्रत्येक २१ सेंटिमीटर लांब. म्हणजे शंभर वड्यांना पंधरा कागद. घरच्या प्रिंटरवर छापा, फूटपट्टीने रेघ मारून कापा, डिंकाचा एक ठिपका लावा. पट्टी जरा उंची हवी असेल तर पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेचा कागद बघावा. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद हाताला लागताच वेगळा कळतो.

दुकानाचं गणित निराळं. तिथे वडी महिनोन्महिने फळीवर बसते, शेजारी उदबत्ती, फिनेल, हिंग. धूळ बसते, वास मिसळतात, आणि दुकानदाराला एकावर एक रचता येईल असाच माल हवा असतो. म्हणून आत बटर पेपर आणि वर पुठ्ठ्याची डबी. पण समजा वडीची छापील किंमत शंभर रुपये आणि दुकानदाराचं कमिशन तीस. उरलेल्या सत्तरांत तेल, मजुरी, वाहतूक भागवून डबीवर दहा-बारा रुपये घालवणं परवडत नाही. ऑफसेटला प्लेट आणि डाय यांचा खर्च शंभर डब्यांना तेवढाच आणि पाच हजारांना तेवढाच, त्यामुळे थोड्या मालाला डबी महागच पडते. माझं स्पष्ट मत आहे, की पहिली दोन वर्षं स्वतःची डबी छापूच नये. पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कोऱ्या क्राफ्ट डब्या घ्याव्या आणि वर प्रदर्शनातलीच पट्टी चढवावी. एकच छपाई दोन्हीकडे चालते, आणि एखादा वास बंद केला तरी डब्या अंगावर पडत नाहीत.

कुरिअरने पाठवताना पैसे खाते ती खोक्यातली रिकामी जागा. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन किंवा हे वजन, यांतलं जास्त धरतात. शंभर ग्रॅमच्या चार वड्या २० × १५ × १० च्या खोक्यात घातल्या की हिशेब ६०० ग्रॅमचा होतो आणि अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला जातो. त्याच वड्या १८ × १२ × ६ मध्ये आरामात बसतात, खोक्यासकट अर्ध्या किलोच्या आत. थ्री-प्लायचं खोकं, भरायला पट्ट्या कापून उरलेल्या कागदाच्या कातरणी. थर्मोकोल नकोच.

होमस्टेवाल्यांना वीस-पंचवीस ग्रॅमच्या छोट्या वड्या लागतात. गोल कागदाच्या चुण्या घालून मागे एक स्टिकर, एवढं पुरे.

वेष्टण कितीही साधं असो, लेबलावर मात्र काटकसर करू नका. कायद्याच्या दृष्टीने अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे, घरी केलेला असला तरी. उत्पादनाचा परवाना लागतो आणि परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, कधी बनवला आणि कधीपर्यंत वापरायचा, हे सगळं छापावं लागतं. चार सेंटिमीटरच्या पट्टीवर ते वाचता येईल अशा अक्षरात बसवून बघा, मगच नक्षीला जागा द्या. माझ्या पहिल्या पट्टीवर मोगऱ्याची वेल मोठी होती आणि घटक मुंगीएवढे. चष्मा लावून वाचणाऱ्या एका आजींनी वडी परत ठेवली, तेव्हा ती वेल काढली.

दिवाळीच्या भेटीसाठी शिंप्याकडे खणाचे तुकडे सहज मिळतात, त्यांचे बटवे फार शोभतात. कापडाला वडीचं तेल लागतं आणि रंग वडीला लागतो, म्हणून आधी बटर पेपर, मग पट्टी, मग खण. बटव्याची नाडी मात्र सैल बांधतो. अभ्यंगाच्या पहाटे तो उघडायच्या आधीच वास यायला हवा.