मुलांसाठी इअरफोन निवडताना : आधी कान, मग कंपनी



परीक्षा संपली की किंवा दहावीचं वर्ष सुरू झालं की घराघरांतून एक मागणी हमखास येते, "आई, चांगला इअरफोन घेऊन दे ना!" कुणाला गाणी ऐकायची असतात, कुणाला मोबाईलवरचे तास. आपण दुकानात जातो. दुकानदार चार खोकी समोर मांडतो, "हा घ्या, बास जबरदस्त आहे" म्हणतो, आणि आपण किंमत बघून एक उचलतो. तर आज आपण पाहू या की चांगला इअरफोन नेमका ओळखायचा कसा. उत्तर आधीच सांगून टाकतो : कमी आवाजातही ज्यातून स्पष्ट ऐकू येतं, तो चांगला. असं का, ते आता समजून घेऊ.

आवाजाचं गणित

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची थरथर पकडून मेंदूकडे पोचवण्याचं काम त्या करतात. मोठा आवाज फार वेळ ऐकला तर या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. गुडघा खरचटला तर भरून येतो, हे नुकसान भरून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबल आवाज ४० तास, अशी मर्यादा सुचवली आहे. मोठ्यांसाठी ती ८० डेसिबल आहे. मात्र दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हे गणित वर्गात फळ्यावर जरूर मांडा : ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, आणि ९० डेसिबलला फक्त सव्वा तास. तोही रोजचा नाही, संपूर्ण आठवड्याचा! मुलं हा हिशोब स्वतः करतात तेव्हा तो त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

प्रकार कोणते?

१९७९ साली सोनीचा वॉकमन आला, त्याच्याबरोबर कानावर टेकणारे हलके हेडफोन होते. २००१ मध्ये आयपॉड आला, त्याचे पांढरे इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसते अडकायचे. या दोन्हींत बाहेरचा गोंगाट सरळ कानात येतो. एसटीत बसून गाणं ऐकायचं तर इंजिनाच्या वर आवाज न्यावा लागतो.

तिसरा प्रकार कानाच्या नळीत बसणारा. त्याच्या टोकाला मऊ रबरी टोपी असते. ती बुचासारखी बसली की बाहेरचा आवाज बराच अडतो आणि गाणं हळू आवाजातही नीट ऐकू येतं. या प्रकाराचा खरा फायदा हाच. पण टोपी नीट बसली तरच!

टोपी बसली का, हे कसं ओळखाल?

खोक्यात बहुधा लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टोप्या मिळतात. बहुतेक जण मूळ लावलेली मध्यम टोपी तशीच ठेवतात. मुलांचे कान लहान असतात, त्यांना बरेचदा लहान टोपी लागते. काहींच्या तर डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागतं.

परीक्षा सोपी आहे. तबला असलेलं एखादं ओळखीचं गाणं हळू आवाजात लावा. एका हाताने कानाची पाळी हलकेच वर-मागे ओढा आणि दुसऱ्या हाताने इअरफोन बसवा, जोर नको. आता डग्ग्याकडे लक्ष द्या. त्याचा घुमार भरीव ऐकू आला तर टोपी बरोबर बसली. नुसता 'टक टक' असा कोरडा आवाज येत असेल तर कुठेतरी फट राहिली आहे. बोटाने इअरफोन किंचित दाबल्यावर घुमार एकदम वाढला, तर टोपीचं माप बदला. कान दुखला किंवा दडपण आलं, तर टोपी मोठी आहे.

गंमत अशी की "बास नाही" म्हणून पुष्कळ इअरफोन नापसंत होतात, आणि दोष असतो फक्त टोपीच्या मापाचा. मग मूल बास मिळवायला आवाज वाढवतं.

खोक्यावरचे आकडे

'२० ते २०,००० हर्ट्झ' हे साधारण प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाचा कान एवढंच ऐकतो, म्हणून ते छापतात. त्यावरून दर्जा कळत नाही. आतला पडदा १० मिलिमीटरचा की ६ चा, यावरूनही आवाज चांगला ठरत नाही.

'ओहम' हा विजेला होणारा अडथळा. मोबाईल किंवा छोट्या म्युझिक प्लेअरसाठी १६ ते ३२ ओहम पुरे.

'डेसिबल'चा आकडा मात्र वाचा. तेवढ्याच विजेवर इअरफोन किती मोठ्याने वाजतो, हे तो सांगतो. एकाच पद्धतीने मोजलेले दोन इअरफोन, एक ९५ चा आणि एक १०५ चा असेल, तर साधारण तेवढ्याच विजेवर दुसरा १० डेसिबल मोठा वाजेल. म्हणून नवा इअरफोन आणला की मोबाईलचा आवाज आधी कमी करून मगच ऐकायला द्या.

वायरचा की बिनवायरचा? मोबाईलला ३.५ मिलिमीटरचं भोक असेल तर मुलांसाठी वायरचा बरा. स्वस्त पडतो, चार्जिंग लागत नाही, हरवत नाही. गोंगाट रद्द करणारे महागडे इअरफोन इंजिन-पंख्यासारखी एकसुरी घरघर छान कमी करतात, पण घरात अभ्यासाला त्यांची गरज नसते.

घरात पाळायच्या गोष्टी

१) आवाज ६० टक्क्यांच्या आतच ठेवावा. बऱ्याच मोबाईलच्या सेटिंगमध्ये कमाल मर्यादा ठरवता येते.

२) तासाभराने कानांना विश्रांती द्यावी.

३) रस्त्यावर, सायकलवर आणि रेल्वे फाटकाजवळ इअरफोन काढायचाच. जो बाहेरचा आवाज अडवतो, तो हॉर्नही अडवतो.

४) टोप्या काढून आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून मग लावा. एकाचा इअरफोन दुसऱ्याने वापरू नये. कान दुखत किंवा वाहत असेल तर अजिबात नको.

शिक्षकांसाठी एक शेवटची विनंती. एखादं मूल वारंवार "काय सर?" विचारू लागलं, श्रुतलेखनात शब्द गाळू लागलं किंवा कानात कुईं आवाज येतो म्हणालं, तर "लक्ष कुठंय तुझं?" असं रागावण्याआधी पालकांना निरोप द्या आणि कान तपासून घ्यायला सांगा. कदाचित त्याचं लक्ष असेल, पण त्याला ऐकूच येत नसेल.