वर चढणारं पाणी

आगोट जवळ आली की वरळी कोळीवाड्यात होडीवर आणि घरावर एकदमच ताडपत्री चढते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. सी-लिंकवरून पाहिलं तर निळ्या ताडपत्रीखाली होडी कुठली आणि घर कुठलं, पटकन कळत नाही. त्यात वावगं काही नाही. टारपॉलिन ही मुळात खलाशांचीच चीज, डांबर चोपडलेलं कॅनव्हास.

पण छपरावरून अंथरलेली ताडपत्री म्हणजे एका पावसाची सोय. उन्हानं ती तडकते, वाऱ्यानं फडफडून कडांना फाटते. शाकारणी करताना, कौलं किंवा पत्रे उतरलेलेच असतात तेव्हा, त्यांच्या खाली काय घालायचं हे ठरवणं जास्त कामाचं.

कौल पाणी अडवतं, पण खाली धावणारं. १८६५ साली बासेल मिशननं मंगळुरात कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. वरचं कौल खालच्यावर सात-आठ सेंटिमीटर चढतं. उतार तीस अंशांचा धरला, तर या चढाची उभी उंची त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर. आता वारा पाहू. ताशी ६० किलोमीटरच्या झोताचा दाब पावणेदोन सेंटिमीटर पाणी उचलून धरू शकतो. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरची नोंद झाली. त्या वेगाला हिशेब सहा सेंटिमीटरपर्यंत जातो. घरातही थोडा दाब तयार होतो, म्हणून प्रत्यक्षात पाणी इतकं चढत नाही. तरी कौल न फुटता घर का गळतं, याचं उत्तर यात आहे. कौलं बदलून अशी गळती थांबत नाही.

बर्फाच्या मुलखातही दुखणं हेच, फक्त पाण्याला वर ढकलणारा वेगळा. मिनेसोटात किंवा टोरांटोत घर आतून गरम असतं. त्या उबेनं छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येतं आणि तिथल्या थंडीत पुन्हा गोठून बांध घालतं. मागचं पाणी मग छपराच्या चकत्यांखाली शिरतं. म्हणून मिनेसोटात वळचणीपासून भिंतीच्या आतल्या बाजूला निदान दोन फुटांपर्यंत डांबर-रबराचा चिकटणारा पडदा लावतात. खिळा ठोकला की तो खिळ्याभोवती आवळून बसतो. बाकी छपराला साधा थर पुरतो.

आपल्याकडे वारा फक्त वळचण पाहून येत नाही, म्हणून थर सगळ्या छपराला हवा. पश्चिमेची बाजू, कोन्याची ओळ आणि दोन उतार मिळतात ती पन्हळ, एवढ्या जागी तरी चिकटणारा पडदा घ्यावा; उरलेल्या भागात जाड विणीचा, छपरासाठीच बनवलेला प्लास्टिकचा थर चालेल. पत्र्याखाली डांबराचा पडदा घेताना तो जास्त उष्णता सोसणारा आहे का, हे विचारून घ्या. एप्रिलच्या दुपारी पत्र्याला हात लावून पाहिला असेल, तर कारण सांगायला नको. साधा डांबरी कागद तिथे पाघळतो.

थर वळचणीकडून अंथरायला घ्यायचा, वरची पट्टी खालचीवर चढवायची. मग गडी हमखास एक चूक करतात: त्या थरावरच आडव्या रिपा ठोकतात. कौलाखालून शिरलेलं पाणी उतरू लागलं की प्रत्येक रीप त्याला आडवी येते. पाणी तिथे तुंबतं, आणि नेमकी तिथेच खिळ्यांची भोकं असतात. म्हणून आधी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा. पट्टीच्या जाडीएवढी फट राहते, पाणी तिच्यातून सरळ पागोळीला जातं. लाकूडही वाळतं. खर्च म्हणाल तर थोड्या पट्ट्यांचा, पण मोजणीत हीच गोष्ट सगळ्यात आधी कापली जाते.

पोटमाळ्यावरचा पत्रा बहुधा दहाच अंशांचा. तिथे सहा इंची चढाची उभी उंची अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून चढ वाढवा आणि सांध्यात चिकटपट्टी घाला. पत्रे पूर्वेकडून लावत पश्चिमेला यावं, म्हणजे उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. स्क्रू उंचवट्यावर, वॉशरसकट. खळग्यात कधीच नाही. खाऱ्या हवेत साध्या खिळ्याचा गंज भोक मोठं करत जातो, तेव्हा स्टेनलेस परवडत असेल तर तिथे हात आखडू नका. जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला नवी भोकं पाडू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

पैसे नसतील आणि ताडपत्रीच टाकायची असेल, तर वरून जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधा. विटा ठेवल्या तर वारा चार कोपऱ्यांवरच ओढ घेतो. जाळं ती ओढ सगळीकडे वाटतं.

काम झालं की माणसं कोन्यावरून बादली ओततात आणि आत कोरडं दिसलं की खूश होतात. ते पाणी खालीच जाणारं होतं. पाइप घेऊन शिडीवर वळचणीपाशी उभं राहायचं आणि धार खालून वर मारायची, दहा मिनिटं, पश्चिमेच्या बाजूनं आधी. आत कुणीतरी बॅटरी घेऊन वाशांकडे बघत बसलेलं हवं.