योजना आली वाडीवर, कातकरी गेले भट्टीवर

जेवणानंतर विडा खाणारे आजी-आजोबा तुमच्या घरात असतील, तर कात तुम्हाला नवा नाही. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून हा कात काढणारे ते कातकरी. रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांत डोंगरांच्या पायथ्याशी त्यांच्या वाड्या आहेत. जंगलं सरकारी झाली, खैर तोडायला बंदी आली आणि ज्या धंद्यावरून नाव पडलं तो धंदाच संपला. आज बहुतेक कातकरी दुसऱ्याच्या शेतावर, वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर मजुरी करतात.

देशातल्या आदिवासींमध्येही सर्वात मागे राहिलेल्या 75 जमातींची सरकारने वेगळी यादी केली आहे. 1975 मध्ये त्यात 52 नावं होती, 1993 मध्ये आणखी 23 आली. महाराष्ट्रातल्या तीन जमाती या यादीत आहेत: यवतमाळकडचे कोलाम, गडचिरोलीतले माडिया गोंड आणि हे कातकरी. त्यांच्यासाठीच 15 नोव्हेंबर 2023 रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, झारखंडमधल्या खुंटी इथून पीएम-जनमन अभियान सुरू झालं. तीन वर्षांसाठी सुमारे 24 हजार कोटी रुपये, नऊ मंत्रालयं आणि पक्कं घर, रस्ता, नळाचं पाणी, वीज, अंगणवाडी, वसतिगृह, फिरता दवाखाना अशी कामं. पुढे 2 ऑक्टोबर 2024 रोजी आदिवासीबहुल गावांसाठी 'धरती आबा' नावाचं याहून मोठं अभियानही सुरू झालं.

जनमन योजना विचार करून आखलेली आहे, हे मान्य करायला हवं. घरासाठी तिच्यात 2 लाख 39 हजार रुपये आहेत, म्हणजे नेहमीच्या ग्रामीण घरकुलापेक्षा बऱ्याच जास्त. 'आदिवासी' या एका मोठ्या शब्दाखाली जे कायम दबून गेले, त्यांच्याकडे निदान वेगळं पाहिलं गेलं. पण ही योजना वाडीवर पोचते तेव्हा काय होतं, ते आता पाहू.

आधी जागा दाखवा

घर मंजूर होतं, पण बांधायचं कुठे? कित्येक कातकरी वाड्या दोन-तीन पिढ्यांपासून जिथे आहेत, ती जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावावर असते. कधी जुन्या खोताच्या किंवा सावकाराच्या वारसांच्या, कधी वनखात्याच्या. पूर्वी शेतावर मजूर हवेत म्हणून मालकानेच त्यांना तिथे झोपड्या बांधू दिलेल्या असतात. आज मुंबईजवळच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. फार्महाउसची जाहिरात आपण मोबाइलवर बघतो, तेव्हा त्या प्लॉटच्या कडेला एखादी वाडी आहे का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. राज्य सरकारची घरकुलासाठी 500 चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला मदत देणारी योजना आहे. पण जागा विकणारा मालक भेटला तरच तिचा उपयोग.

जागेचं जमलं तरी जातीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा, तर कुटुंब 6 सप्टेंबर 1950 पूर्वीपासून इथलं असल्याचा पुरावा मागितला जातो, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश त्या तारखेचा आहे. सहसा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जमिनीचा जुना उतारा दिला की काम होतं. आता ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत आणि ज्यांच्याकडे जमीन कधीच नव्हती, त्यांनी काय द्यायचं? सगळ्यात गरीब माणसालाच पुरावा देणं सगळ्यात अवघड जावं, अशी ही रचना आहे. अधिकारी घरी जाऊन चौकशी करून, नात्यातल्या दुसऱ्या कुणाच्या दाखल्यावरून हे काम करू शकतात. जनमनच्या शिबिरांमध्ये आधार, जातीचे दाखले, रेशन कार्ड, बँक खाती हे एकाच ठिकाणी करून देण्यावर म्हणूनच भर होता. माझ्या मते या सगळ्या अभियानात घरांइतकंच मोलाचं काम हे आहे.

शाळेचं वर्ष आणि भट्टीचं वर्ष

शिक्षणाचं दुखणं मात्र निराळं आहे. पाऊस संपला, भातकापणी झाली की दिवाळीच्या आसपास कातकरी कुटुंबं भट्टीवर निघतात. मालकाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते. पावसाळ्यात चूल पेटावी, आजारपण निभावं, लग्न व्हावं म्हणून घेतलेले हे पैसे पुढचे सहा-सात महिने अंगमेहनतीने फेडायचे असतात. परत यायचं ते थेट पावसाच्या तोंडावर. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे मूल वर्गात जेमतेम रुळतं तोवर आईबापांबरोबर निघून जातं. पटावर नाव राहतं आणि बाक रिकामा होतो.

पालकांमागे मुलं जाऊ नयेत म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं सुरू करायची सोय आहे. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळाही आहेत. तिथे राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं मोफत. तरीही आई सहा वर्षांच्या लेकराला मागे ठेवायला का कचरते, हे समजून घ्यायला तुम्हाला आदिवासी असायची गरज नाही. आश्रमशाळांमधलं आजारपण, साप चावल्याच्या घटना, मुलांचे मृत्यू यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. आपण आपलं मूल तिथे ठेवलं असतं का?

केंद्र सरकारच्या एकलव्य निवासी शाळांचा दर्जा यापेक्षा वरचा असावा, असा हेतू आहे. सहावी ते बारावी, एका शाळेत 480 विद्यार्थी, 50 टक्क्यांहून जास्त आणि किमान 20 हजार आदिवासी वस्तीच्या प्रत्येक तालुक्यात एक शाळा, असं 2018 मध्ये ठरलं. पण प्रवेश सहावीत आहे, तोही परीक्षा देऊन. जे मूल दुसरी-तिसरीतच भट्टीवर गेलं, ते त्या परीक्षेपर्यंत पोचतच नाही.

याचं उत्तर आपल्याकडेच शोधलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या कोसबाड टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात. मग शाळाच कुरणात गेली, तीच 'कुरणशाळा'. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसई-भिवंडी भागात वीटभट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. मूल जिथे आहे तिथे शाळा, इतकी साधी ही कल्पना. सरकारी यंत्रणेने ती मनापासून उचललेली दिसत नाही. इमारत बांधली की तिचं उद्घाटन करता येतं, भोंग्याचं काय उद्घाटन करणार!

दिल्लीत तर यादीच नाही

हा लेख दिल्ली परिसरात बसून लिहिला जात आहे, म्हणून इथली एक गोष्ट. दिल्ली आणि हरियाणा यांची अनुसूचित जमातींची यादीच नाही, तिथे एकही जमात नोंदलेली नाही. दिल्ली आणि गुरुग्रामच्या सोसायट्यांमध्ये मात्र झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून आलेल्या उरांव, मुंडा, खडिया बायका दिवसरात्र काम करतात. गावी त्या आदिवासी असतात, पण इथे राज्याच्या योजनांपुरतं ते आदिवासीपण लागू होत नाही. एका राज्यातला दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच म्हटलं आहे. भट्टीवरचा कातकरी निदान आपल्याच राज्यात असतो. गुमला किंवा सुंदरगडहून आलेल्या बाईच्या मुलाला मात्र शिष्यवृत्तीसाठी गावच्या राज्याकडेच बघावं लागतं.

तुमच्या घरी अशी कुणी मदतनीस असेल, तर तिच्या मुलांची शाळा कुठवर आली ते विचारा. आधार नाही, जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणावरून शाळेने प्रवेश नाकारला असेल, तर तिच्याबरोबर तुम्ही स्वतः शाळेत जा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच बसवायचं असतं. शाळेने ऐकलं नाही, तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मूल बारा वर्षांचं असेल आणि त्याला पहिलीत बसवायला सांगितलं, तर तेही मान्य करू नका.