पाटीवर नाव पतीचे, मेहनत पत्नीची

कोलकात्यात लॉर्ड सिन्हा रोडवर मुलींची एक सरकारी शाळा आहे. तिचे नाव सखावत मेमोरियल. ही शाळा ज्यांनी कष्टाने उभी केली, त्या बेगम रुकय्या यांचे नाव मात्र या नावात कुठेच नाही. ते त्यांनी स्वतःच ठेवले नाही.

रुकय्यांचा जन्म 1880 मध्ये रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद गावी एका जमीनदार घराण्यात झाला. आज हा भाग बांगलादेशात येतो. घरात पडदा कडक. मुलींनी बांगला आणि इंग्रजी शिकणे वडिलांना मंजूर नव्हते. थोरला भाऊ इब्राहिम रात्री सगळे झोपल्यावर बहिणीला शिकवी. शाळेची पायरी त्या कधीच चढल्या नाहीत.

पती सय्यद सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. वयाने बरेच मोठे, विधुर; पण पत्नीने वाचावे, लिहावे यासाठी आग्रही. रुकय्यांची ‘सुल्तानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा 1905 मध्ये मद्रासच्या एका मासिकात छापून आली, ती त्यांच्याच प्रोत्साहनामुळे. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. 1909 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि त्याच वर्षी रुकय्यांनी भागलपूरला पाच मुलींना घेऊन शाळा सुरू केली.

घरगुती तंट्यामुळे त्यांना भागलपूर सोडावे लागले. 16 मार्च 1911 रोजी कोलकात्याच्या वलीउल्लाह लेनमधील भाड्याच्या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या वेळी मुली होत्या आठ.

रुकय्या दारोदार फिरून पालकांना विनवीत. मुलींना ने-आण करण्यासाठी पूर्ण बंदिस्त गाडी केली, तर आत कोंडून मुलींना चक्कर येऊ लागली. मग खिडक्यांना पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात, बेपर्दगी होते, अशी धमकीची पत्रे आली. दोन्हीकडून कोंडी! तरीही शाळा बंद पडली नाही. कुरआन पठण आणि त्याचा अर्थ, भाषा, शिवण, स्वयंपाक, प्रथमोपचार, व्यायाम असे सारे तिथे शिकवले जाई. 1916 मध्ये त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ स्थापून गरीब स्त्रियांपर्यंत काम नेले.

9 डिसेंबर 1932 रोजी त्यांचा इंतकाल झाला. स्त्रियांच्या हक्कांवरील एक अपुरा लेख मागे राहिला. पुढे ढाका विद्यापीठातील वसतिगृहाला आणि रंगपूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

आपल्याकडेही शाळांना नावे देण्याची वेळ येते. बहुधा मोठी देणगी देणाऱ्याचा विचार आधी होतो. देणगीदाराचे ऋण आम्ही नाकारत नाही. रुकय्यांनीही ते नाकारले नाही, उलट पाटीवर कोरून ठेवले. पण त्या दहा हजारांची शाळा झाली ती एका बाईने तेवीस वर्षे उंबरठे झिजवले म्हणून. आपल्या गावात, मोहल्ल्यात ज्या आपांनी ओसरीवर चार मुली जमवून पहिले अक्षर गिरवून घेतले, त्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? वडीलधाऱ्यांना विचारा, लिहून ठेवा. पुढच्या शाळेचे नाव ठरवायला कमिटी बसेल, तेव्हा ती यादी समोर असू द्या. आणि त्या बैठकीत बायकाही असू द्या.