ताण आणि विसावा

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट. दहावीच्या परीक्षेचा तिसरा पेपर चालू होता. आमच्या शाळेतील एक हुशार विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर मान टाकून बसलेला पर्यवेक्षकांना दिसला. त्याला भोवळ आली होती. बाहेर आणून वाऱ्यावर निजविल्यावर थोड्या वेळाने तो सावरला. त्याला न्यायला आलेले वडील आम्हांस म्हणाले, “सर, पोराने कसर ठेवली नाही हो! महिनाभर चार तासांवर झोपलेला नाही.” त्या स्वरात काळजीपेक्षा अभिमान अधिक होता. सवयीने आम्हीही कौतुकाची मान डोलावली. मात्र त्या रात्री आमचाच डोळा लागेना; आणि फार पूर्वी वाचलेले एका शास्त्रज्ञाचे चरित्र राहून राहून आठवू लागले.

त्या शास्त्रज्ञाचे नाव हान्स सेल्ये. जन्म १९०७ साली व्हिएन्ना येथे, वैद्यकीचे शिक्षण प्राग येथे. विद्यार्थिदशेत असताना प्राध्यापकांनी वर्गापुढे वेगवेगळ्या आजारांचे काही रुग्ण आणले आणि प्रत्येक आजाराची खास लक्षणे समजावून दिली. तरुण सेल्येंच्या मनात मात्र भलताच प्रश्न उभा राहिला. या साऱ्यांचे चेहरे सारखेच म्लान का? साऱ्यांनाच थकवा, अन्नावर वासना नाही, अंग दुखते, वजन घटते; मग या सामाईक आजारीपणाचा विचार कोणीच का करीत नाही? प्रश्न पोरकट ठरला आणि मागे पडला.

पुढे सेल्ये कॅनडातील माँट्रियल शहरी मॅक्‌गिल विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी नवनवी हॉर्मोने शोधून काढण्याची चढाओढ लागली होती. सेल्येंनी गुरांच्या बीजकोशांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा तीन बदल आढळले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या. छातीतील थायमस ग्रंथी व लसिका ग्रंथी आक्रसल्या. जठरात व्रण पडले. नवे हॉर्मोन हाती लागले, अशा आनंदात ते होते. पण इतर इंद्रियांच्या अर्कांनीही तेच तीन बदल होऊ लागले. शेवटी कपाटातील फॉर्मॅलिन टोचून पाहिले, तर तोच परिणाम, किंबहुना अधिकच! म्हणजे हॉर्मोनाचा शोध लागलाच नव्हता. अर्कातील अशुद्ध द्रव्यांनी उंदीर नुसते बेजार झाले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने वही मिटली असती. सेल्येही काही दिवस खचून गेले. मग त्यांना प्रागच्या वर्गातील ते म्लान चेहरे आठवले. उपद्रव कोणताही असो, त्याला शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देत असेल तर? ४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. थंडी, शस्त्रक्रियेची जखम, विषारी औषधे आणि बेसुमार अंगमेहनत या साऱ्यांनी उंदरांच्या देहात तेच बदल घडतात, असे त्यांनी त्यात मांडले. वाचकांनी यातील ‘बेसुमार’ या शब्दाकडे लक्ष द्यावे.

या उत्तराच्या तीन अवस्था त्यांनी सांगितल्या. पहिली धोक्याच्या इशाऱ्याची; उंदरांत ती सहा ते अठ्ठेचाळीस तासांत दिसे. दुसरी प्रतिकाराची, उपद्रव चालू असूनही प्राणी सावरल्यासारखा, जणू सरावल्यासारखा दिसे. पण उपद्रव एक ते तीन महिने तसाच राहिला, तर तिसरी अवस्था येई: सर्वस्वी थकून जाण्याची. पाहणाऱ्याला फसविते ती मधली अवस्था. “त्याला काही होत नाही, सवय झाली आहे,” असे आपण म्हणतो, तेव्हा आतली शिल्लक मात्र खर्ची पडत असते.

ही व्यवस्था चालते कशी? संकट येताच मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी रक्तात एक हॉर्मोन सोडते. त्याने अधिवृक्क ग्रंथी जागी होते व कॉर्टिसॉल स्रवते. ते यकृताकडून साखर तयार करविते. गरज पडल्यास स्नायूंतील प्रथिने मोडून तिला कच्चा माल पुरविते. या गटातील हॉर्मोनांना साखरेवरूनच ‘ग्लुकोकॉर्टिकॉइड’ हे नाव पडले. ते सेल्येंनीच दिले. घडीभराच्या संकटात हा संजीवक उपाय होय. पण संकट सरलेच नाही, तर हीच साखर, हीच मोडतोड देहाला महाग पडते. स्नायू झिजतात, रोगाशी झुंजण्याची शक्ती उणावते, झोप उडते.

व्यायामाचे मर्मही येथेच आहे. धावणाऱ्या मुलाच्या रक्तातही हीच हॉर्मोने चढतात. मात्र खेळ संपतो, मूल जेवते, गाढ झोपते, आणि हॉर्मोने उतरतात. असे रोज घडले, की देह तेवढ्याच श्रमाला पूर्वीपेक्षा कमी खळबळीने सामोरा जातो. आपल्या तालमींतील वस्तादांना हे ठाऊक होते. जोर-बैठका जितक्या मोजून, तितकाच खुराक आणि विसावाही नेमाने. तिन्ही मिळून मल्ल घडतो. नुसत्या मेहनतीने तो मोडतो.

सेल्येंचे सारेच म्हणणे टिकले, असे नाही. जॉन मेसन या अमेरिकन संशोधकाने दाखविले, की संकट मनाला कसे वाटते यावरही हॉर्मोनांचा चढउतार अवलंबून असतो. माणसाच्या जठरव्रणामागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियातील मार्शल व वॉरन यांनी दाखविले. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सेल्येंनी तंबाखू उत्पादकांकडून पैसा घेऊन त्यांना सोयीची मते मांडली, हेही पुढे न्यायालयीन दाव्यांतून बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले. १९८२ साली निवर्तलेल्या या शास्त्रज्ञाचा हा दोष झाकण्याचे कारण नाही. तरीही ताणाची देहावर उमटणारी खूण त्यांनी जगाला दाखविली, हे ऋण उरतेच.

सेल्येंनी एक गमतीची कबुलीही दिली होती. त्या वेळी आपले इंग्रजी कच्चे असल्याने ‘स्ट्रेस’ व ‘स्ट्रेन’ या शब्दांत घोटाळा झाला, असे ते म्हणत. पहिला शब्द बाहेरून पडणाऱ्या भाराचा, दुसरा त्याने आत होणाऱ्या ओढाताणीचा. आपल्या मराठीत दोन्हींना ‘ताण’ हा एकच शब्द चालतो, आणि त्याने आपलाही घोटाळा होतो. भार किती घातला हे पालक आणि शिक्षक मोजतात. आत काय ताणले गेले, ते मूल एकटे सोसते.

आता आमची कबुली. त्या मुलाच्या वडिलांना आम्ही मनातल्या मनात बोल लावला खरा. पण गेल्या वर्षी दहावीचे जादा तास सुरू करताना वेळापत्रकातील खेळाचा तास आमच्याच सहीने रद्द झाला होता. मुलांच्या देहाला मिळणारा श्रमही आम्ही काढून घेतला आणि विसावाही. मागे ठेवली ती फक्त धास्ती. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आम्ही पहिली सही केली ती खेळाचा तास परत देणाऱ्या आदेशावर. जादा तास निम्मे केले. पालकसभेत काहींनी नापसंती दर्शविली. निकाल घसरला तर जबाबदार कोण, असेही विचारले. ‘आम्ही,’ एवढेच उत्तर आम्ही दिले.

संध्याकाळी मैदानावर आता धूळ उडते. भोवळ आलेला तो मुलगा अकरावीत आमच्याच शाळेत आहे. परवा खो-खोच्या खांबाशी धापा टाकत उभा होता. आम्ही विचारले, “काय रे, दमलास?” तो हसून म्हणाला, “हो सर. पण आता झोप छान लागते.”