कार्बोरेटरचे व्याकरण
नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, म्हणून परगावच्या पाहुण्यांना वाटते, इथल्या प्रत्येकालाच एंजिनातले कळते! आम्ही मराठी शिकवणारे. पण शेजारच्या अण्णांचा जुना पेट्रोल ट्रक चौकाचौकात बंद पडू लागला, नेप्तीच्या बाजारात कांदा वेळेवर पोचेना, तेव्हा त्यांच्याबरोबर गॅरेजात मीही गेलो.

कार्बोरेटरवर एक पितळी तुकडा होता. काय ते कुणाला ओळखेना. पोऱ्या म्हणाला, "काढून भोक बुजवू."

"थांब," मिस्त्री म्हणाले. "नाव राहू दे, तो कुणाला जोडलाय ते बघ."

हे तर माझ्याच विषयातले झाले! थ्रॉटलच्या दांडीला टेकणारा स्क्रू स्लोचा वेग राखतो. स्प्रिंगवरचा टोकदार स्क्रू पेट्रोल-हवेचे मिश्रण ठरवतो. तो फार आवळला तर टोक बिघडते. आणि या तुकड्याला होती वायर. चावी फिरवली, 'टक्' वाजले नाही. म्हणजे सोलेनॉइड! चावी बंद होताच स्लोचे पेट्रोल तोडायचे, एवढेच त्याचे काम. वायर आतून कुजल्यामुळे तो चालू गाडीतही तोडून बसला होता.

मिस्त्रींनी फक्त वायरचे पैसे घेतले. पोऱ्याला मात्र त्यांनी चावी फिरवून दोनदा 'टक्' ऐकवले.