मोटारीचे छत का लोंबते?

जुन्या मोटारीत बसताना फुग्यासारखे लोंबणारे कापड डोक्याला लागते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. ‘गोंद सुटला, दुसरे काय!’ असे म्हणून आपण टाचण्या टोचून मोकळे होतो. पण बहुतेक वेळा दोष गोंदाचा नसतो, हे मामांच्या गाडीचे छत दुरुस्त करताना मी पाहिले.

ॲम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत छताचे अस्तर तारांच्या कमानींवर ताणून बसवलेले असे. पुढे साच्यात घडवलेला पुठ्ठा आला. त्यावर फोमचा पातळ थर व फोमवर कापड. हा फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलेल्या पदार्थाच्या कुळातला. तो मऊ व हलका खरा, पण दीर्घायुषी नव्हे. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील हवा ५० अंशांच्या वर तापते. त्यात आमच्या बेळगावचा पावसाळी दमटपणा! उष्णता, बाष्प व प्राणवायू यांच्यामुळे फोमच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात आणि त्याचा भुगा होतो. पुठ्ठा शाबूत, कापडही शाबूत. मधला दुवाच नाहीसा होतो.

मामांना एका दुकानदाराने सुईने सोल्यूशन सोडून कापड चिकटवून दिले होते. पहिल्याच उन्हाळ्यात ते पुन्हा खाली आले. भुग्याला चिकटवलेली वस्तू भुग्यासकट गळणारच.

मग आम्ही पुठ्ठाच बाहेर काढला. दिवा, मुठी व ऊन अडवण्याच्या झडपा सोडवल्या आणि पुठ्ठा न वाकवता मागच्या दाराने घेतला. (छताच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे, तेथे टाचण्याही टोचू नयेत.) जुने कापड सोलून, तोंडाला फडके बांधून, सगळा भुगा मऊ ब्रशने झाडला. नवे, फोम जोडलेले कापड चहूबाजूंनी तीन बोटे जास्त कापले. उष्णता सोसणारे सोल्यूशन पुठ्ठा व फोम दोहोंना लावले. बोटाला किंचित चिकटेल इतके सुकू दिले. कापडाचा अर्धा भाग दुमडून ठेवला व मधून कडेकडे तळहाताने दाबत गेलो. नंतर दुसरा अर्धा. कडा मागे वळवून चिकटवल्या आणि एक दिवस तसेच ठेवले. सोल्यूशनची वाफ पेट घेते व डोक्यातही जाते. म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे.

ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. लोंबते कापड आरशातून मागचा रस्ता दिसू देत नाही. आमचे निम्मे श्रम भुगा झाडण्यातच गेले. पण नेमके तेच टाळले, तर नवे कापडही फार दिवस टिकत नाही.